खिशातला चौथा

कबुली द्यायला माझी हरकत नसते. पण माणसाने आधी आरोप काय आहे, तो तरी नीट ऐकून घ्यावा. मी ऐकून घेतला नाही. त्यामुळे जो गुन्हा कोणाला ठाऊकच नव्हता, तो मी स्वतःच्या तोंडाने कबूल केला. तोही बधिर झालेल्या जिभेने, आणि एकदा नाही, दोनदा. चहा घ्या, सांगतो.

माझं काम तुम्हाला माहीत नसेल तर आधी ते सांगतो. महापेला एका कारखान्यात औषधांच्या प्लास्टिकच्या बाटल्या होतात, तिथे मी तपासणी खात्यात आहे. चोवीस वर्षं झाली. बाटली उचलायची, उजेडासमोर धरायची, फिरवायची आणि दोष शोधायचा. सापडला की लाल खोक्यात. नाही सापडला तर परत एकदा फिरवायची, कारण दोष नसेलच असं होत नाही.

आता दिवसाचे आठ तास दोष शोधणारा माणूस घरी आल्यावर बदलेल का? इस्त्रीवाल्याने आणलेला शर्ट मी खिडकीपाशी नेऊन बघतो. सोसायटीच्या लिफ्टचा आवाज कोणालाही ऐकू येण्याआधी मला ऐकू येतो. आमची वैशाली म्हणते, ह्यांना देव भेटला तर नमस्कार करायच्या आधी उजेडासमोर धरून बघतील.

तर अशा माझ्याच गळ्यात एक दिवस दोष निघाला.

झालं असं की गेल्या दिवाळीपासून मला घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटायला लागलं. जेवताना काही नाही. भाकरी, भात, मटण, सगळं सुरळीत खाली. पण नुसता आवंढा गिळला की गोळा लागायचा. आईने गरम पाणी दिलं, ज्येष्ठमध दिलं, मग एका शनिवारी दृष्टही काढली. गोळा जागचा हलला नाही. आमच्या सेक्टरातल्या डॉक्टरांनी महिनाभर पित्ताच्या गोळ्या दिल्या आणि मग म्हणाले, "आता दुर्बीण घालून बघूया. खारघरला चांगल्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडे पाठवतो."

घरी आल्यावर मी हे अगदी सहज सांगितलं. वैशालीच्या हातातलं भांडं ओट्यावर जरा जोरात ठेवलं गेलं. का, ते मला माहीत होतं.

हे तुम्हाला सांगायलाच हवं. तिचे वडील, म्हणजे माझे सासरे, तीन वर्षांपूर्वी अन्ननलिकेच्या कॅन्सरने गेले. शेवटी शेवटी पाणी उतरत नव्हतं. त्यांचे दिवस झाल्यावर वैशालीने मला देवासमोर उभं केलं. समईवर हात धरायला लावला आणि म्हणाली, "सुपारी सोडा. आजपासून." मला तंबाखू-गुटख्याचा नाद कधीच नव्हता, पण सुगंधी सुपारी दिवसाला चार-पाच पुड्या लागायच्या. मी शपथ घेतली. डोळ्यांत पाणी होतं माझ्या, खोटं नाही सांगत.

शपथ मी अकरा दिवस पाळली.

बाराव्या दिवशी एक पुडी खाल्ली. मग म्हटलं, दिवसाला एक, तीही फक्त जेवणानंतर. मग ती लपवायची पाळी आली. आणि लपवण्यात मी किती हुशार निघालो म्हणून सांगू? दोष शोधणाऱ्याला दोष कुठे दिसत नाही, हेही बरोबर कळतं. एक पुडी बुटाच्या पॉलिशच्या डब्यात. दोन स्कूटरच्या सीटखाली. आणि मोठा साठा माळ्यावर, गणपतीच्या मखराच्या खोक्यात, कारण ते खोकं वर्षातून एकदाच उघडतं आणि उघडणारा मीच.

खायची जागा कोणती? कचरा. रोज संध्याकाळी जेवण झालं की ओला आणि सुका कचरा वेगवेगळा घेऊन मी स्वतःहून खाली जायचो. पाण्याच्या टाकीमागे उभा राहून शांतपणे पुडी संपवायचो, चूळ भरायचो आणि वर यायचो. तीन वर्षं एक दिवस खाडा नाही. वैशालीने सोसायटीतल्या बायकांना सांगून ठेवलं होतं की आमच्याकडे कचरा हेच नेतात, मला कधी सांगावं लागत नाही. त्यावरून तीन घरांत भांडणं झाली. एका शेजाऱ्याने तर मला लिफ्टमध्ये गाठून विचारलं होतं, "काय हो, तुम्ही कशाला आमचं जगणं कठीण करताय?"

असो. दुर्बिणीची तारीख ठरली. सकाळी साडेआठची वेळ, आदल्या रात्रीपासून पोटात काही नको, सोबत घरचं एक माणूस हवं.

इथे आई मध्ये पडली. आई मूळची कोरेगावकडची. वडील गेल्यापासून आमच्याकडे सीवूड्सला असते. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कुरकुरतात, पण बाकी माल पास आहे.

"म्या बी येनार," ती म्हणाली.

"आई, एकच माणूस आणा म्हणालेत. वैशाली येतेय."

"पोराच्या नरड्यात नळी घालनार आन् म्या हितं टीव्ही बघत बसू?"

"बरं, चल."

ती लगेच उठली. मग बोटं मोजली. "पन मग तिघं हुत्यात. तिघांनी चांगल्या कामाला जाऊ न्हाई. तीन तिगाडा, काम बिगाडा. शेजारच्या भाऊजींना घे संगट."

"शेजाऱ्यांना माझ्या घशात बघायला घेऊन जाऊ? आई, मी तपासणी खात्यात आहे. आमच्याकडे मोजमाप चालतं, तिगाडा नाही." वर मी तिला पाच मिनिटं शास्त्रीय दृष्टिकोन समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतलं. आई शांतपणे ऐकते तेव्हा सावध राहायला हवं, हे मला चोपन्न वर्षांत कळायला हवं होतं.

सकाळी दारात चपला घालताना तिने माझ्या हातात घडी केलेला रुमाल दिला. "खिशात ठिव. तोंड पुसाया लागंल." म्हातारी आई अजून रुमालाची आठवण ठेवते, म्हणून मला भरून आलं. न बघता मी तो पँटच्या खिशात कोंबला. हा रुमाल तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवला नाही.

खारघरला पोचलो. आई बाहेरच्या खुर्चीवर बसली, आम्ही दोघं आत. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आमच्या सासरी असलेल्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. शांतपणे एकेक विचारत होत्या. गिळताना दुखतं का? वजन कमी झालं का? घरात कोणाला काही?

मग विचारलं, "काका, तंबाखू, गुटखा, सुपारी?"

मी एक क्षण वैशालीकडे बघितलं आणि म्हणालो, "छे. सुपारीसुद्धा नाही."

"तीन वर्षांपूर्वी सोडली यांनी," वैशाली म्हणाली. "एका दिवसात. माझे बाबा गेले तेव्हा." तिच्या आवाजात जे होतं ना, ते ऐकून मला खुर्चीखाली जावंसं वाटलं.

"वा काका," डॉक्टरीणबाईंनी कागदावर खूण केली. "सगळ्यांना जमत नाही हे."

तिथेच सांगायला हवं होतं. मला ठाऊक आहे. पण तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते एवढंच, "मनाचा निश्चय लागतो."

मग मला पडद्यामागे नेलं. तिथे एक मावशी होत्या, आमच्या सीवूड्सलगतच्या करावे गावच्या. त्यांनी अंगात घालायला तो मागून उघडा झगा दिला. "घड्याल, पाकीट, खिशान काय हाय तं समदं या पिशवीन टाका. कपरे मंगं इथंच ठेवा." घड्याळ आणि पाकीट मी टाकलं. पँट काढून दिली, तेव्हा खिसे त्यांनीच तपासले. मी तिकडे पाठ करून झग्याच्या नाड्या शोधत होतो. तेवढ्यात सिस्टर आल्या, पलंगावर बसवलं, तोंड उघडायला सांगितलं आणि घशात बधिर करायचं औषध फवारलं. "दहा मिनिटं बोलू नका," त्या म्हणाल्या.

जीभ जड झाली. घसा स्वतःचा वाटेना. आणि अशा वेळी माणसाचं डोकं फार काम करतं. मला आठवलं, ही पँट मी कालही घातली होती. काल संध्याकाळी कचरा न्यायला गेलो होतो. एक पुडी खाल्ली. दुसरी? दुसरी स्कूटरमध्ये ठेवली, की खिशात राहिली?

पडद्याच्या पलीकडून मावशींचा आवाज आला. वैशालीला सांगत होत्या, "ताई, ही पिशवी तुमच्यापाशी ठेवा. घड्याल हाय, पाकीट हाय, चावी हाय. आनि खिशान सुपारी घावली, ती बी टाकलीय."

मी डोळे मिटून घेतले.

चोवीस वर्षांत मी कितीतरी माल परत पाठवलाय. पकडले गेलेले लोक काय करतात हे मला पाठ आहे. जो आधी कबूल करतो त्याच्याशी आम्ही बरे वागतो, आणि जो शेवटपर्यंत नाही म्हणतो त्याचं पुढचं कामही अडकतं. मी ठरवलं. तिने विचारायच्या आधीच सांगून टाकायचं.

पडदा सरकला. वैशाली पिशवी हातात घेऊन आत आली. "अहो," ती म्हणाली, "ही सुपारी..."

"ठांब," मी म्हणालो. जीभ साथ देत नव्हती. "मी छांगतो. माझं चुकलं. मी छोडली नव्हती. तीन वर्छं खातोय."

ती बघत राहिली.

"अकरा दिवछ खाल्ली नव्हती. मग खाल्ली. रोज. कचऱ्याच्या वेळी. टाकीमागे उभा राहून. पॉलिछच्या डब्यात अछते. छ्कूटरमध्ये अछते. आणि... मखराच्या खोक्यात अछते."

"कशाच्या खोक्यात?"

"मखराच्या. गणपतीच्या." आणि मग, कबुली अर्धवट राहू नये म्हणून, मी पहिल्यापासून सगळं परत सांगितलं.

वैशाली ओरडली नाही. रडलीही नाही. तिने पिशवीत हात घातला आणि तळहात माझ्यासमोर धरला. त्यावर एक सुपारी होती. पुडी नव्हे. आख्खी, गोल, पूजेला वापरतात ती सुपारी, आणि तिला चिकटलेलं थोडं हळदीकुंकू.

"ही आईंची आहे," ती हळू म्हणाली. "तिघं जायचं नाही म्हणून चौथं माणूस म्हणून ठेवली होती. तुमच्या रुमालात, आत्ता बाहेर सांगितलं त्यांनी. आईंचं म्हणणं, चौथं माणूस पेशंटजवळच हवं, म्हणून मी विचारायला आले की आत ठेवून घेतील का."

पडद्याच्या फटीतून आईचं डोकं आत आलं. "आरं, म्या ठिवली व्हती ती," ती म्हणाली. मग माझा चेहरा बघितला, सुनेचा बघितला, आणि डोकं परत बाहेर गेलं. आईने आयुष्यात पहिल्यांदा मधूनच काढता पाय घेतला.

आता तुम्ही म्हणाल, यापेक्षा वाईट काय होणार? डॉक्टरीणबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. दोन्ही वेळा.

"काका, दिवसाला किती?" त्यांनी विचारलं.

मी दोन बोटं दाखवली. वैशालीने माझ्याकडे नुसतं बघितलं. मी चार दाखवली, तीन कारखान्यातल्या धरून.

त्यांनी मघाची खूण खोडली. ती खोडायला पेन दोनदा फिरला. "हे आधी सांगायला हवं होतं. साध्या उजेडात वरच्या भागातलं बारीकसं पटकन नजरेतून सुटतं. आम्ही नेहमी खाली पोटाकडे लवकर जातो, घशालगतची जागा भरकन निघून जाते. आता मी नळी वर घेताना तिथे सावकाश थांबणार आणि निळ्या-हिरव्या प्रकाशात बघणार. त्या प्रकाशात रक्ताच्या बारीक वाहिन्या गडद दिसतात. एखादी जागा वेगळी असली की लगेच उठून दिसते."

घाबरलो होतो तरी मनात मी मान डोलावली. बाईंना काम येत होतं. आमच्याकडेही नवीन माणूस बाटलीचं पोट बघतो, बूड बघतो आणि मान सोडून देतो. दोष मानेतच असतो. तिथे प्लास्टिक वळतं, उजेड नीट पडत नाही. ते बघायला आम्ही रंगीत दिवा लावतो. चोवीस वर्षं मी पोरांना हेच सांगत आलोय, आणि आज माझ्याच मानेचा नंबर होता.

डाव्या कुशीवर झोपवलं, दातांत प्लास्टिकची कडी बसवली आणि नळी आत गेली. त्या पाच मिनिटांचं वर्णन मी करत नाही, तुमच्या हातात चहा आहे. टीव्हीसारखा पडदा मला दिसत होता. गुलाबी, ओलसर, बोगद्यासारखं काहीतरी. खाली गेल्या, पोट बघितलं. "इथे ठीक आहे," बाई म्हणाल्या. मग नळी हळूहळू वर यायला लागली. घशाजवळ आल्यावर त्यांनी एक बटण दाबलं आणि पडदा हिरवट-निळा झाला.

"अरे," बाई म्हणाल्या.

माझी डॉक्टर मंडळींना हात जोडून विनंती आहे. माणसाच्या आत नळी असताना 'अरे' म्हणू नये.

मीही बघितलं. सगळी अन्ननलिका फिकट हिरवी, आणि वरच्या अंगाला एक तपकिरी, लांबट गोल डाग. कडा अगदी स्पष्ट. बटण बंद केलं की गुलाबीत गुलाबी मिसळून जायचा, दिसायचाच नाही. चालू केलं की परत हजर. मी स्वतः तपासणीला असतो तर क्षणात लाल खोक्यात टाकला असता मला.

"फोटो घ्या," बाई सिस्टरांना म्हणाल्या. "आणि एक तुकडा घेऊया."

नंतर जीभ ताळ्यावर आल्यावर त्यांनी समोर बसवून सांगितलं, "बहुतेक साधंच आहे काका. घाबरू नका. पण तुकडा तपासून येऊ दे. चार दिवसांनी या."

बहुतेक साधंच आहे. आमच्याकडे गिऱ्हाइकाचा फोन येतो ना, तेव्हा मीही हेच सांगतो. बहुतेक साधंच आहे साहेब, नमुना पाठवलाय. आणि फोन ठेवला की पोरांना सांगतो, अख्खा लॉट बाजूला काढा रे.

ते चार दिवस मी कसे काढले विचारू नका. भांडण झालं असतं तर बरं, असं वाटत होतं. वैशाली भांडलीच नाही. घरी आल्या आल्या तिने स्टूल घेतलं, माळ्यावरचं मखराचं खोकं उतरवलं, रिकामं केलं, पुसलं आणि परत ठेवलं. पॉलिशचा डबा रिकामा केला. स्कूटरची सीट उघडली. मी सांगितलेल्या सगळ्या पुड्या मिळाल्या, शिवाय छत्रीच्या म्यानात एक मिळाली, जी मी स्वतःही विसरलो होतो. चोवीस वर्षांत मला इतकी चोख तपासणी करणारं माणूस मिळालं नाही.

संध्याकाळी कचऱ्याचे दोन्ही डबे तिने उचलले आणि स्वतः खाली घेऊन गेली. लिफ्टमध्ये कोणी काय विचारलं असेल, देव जाणे.

जेवायला मात्र सगळं माझ्या आवडीचं करत होती. भरली वांगी, पिठलं, आणि एका दिवशी चक्क पुरणपोळी. त्याची मला जास्त भीती वाटत होती. पुरणपोळी सणाशिवाय आमच्या घरात होत नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी म्हटलं, "चल, जरा खाडीकडे फिरून येऊ." कराव्याच्या बाजूला आम्ही बऱ्याचदा जातो. कठड्यापाशी उभे राहिलो. ओहोटी होती, चिखलात बगळे चालत होते.

"एकदा रागव तरी," मी म्हणालो.

"रागवून काय होणार?" ती म्हणाली. मग कठड्यावर हात टेकले. "मला सुपारीचा राग नाही आला. बाबांनाही डॉक्टरांनी विचारलं होतं. सुरुवातीलाच. आई शेजारी बसली होती, म्हणून ते म्हणाले, तंबाखू-सुपारी काही खात नाही. डॉक्टरांनी विश्वास ठेवला आणि पित्ताच्या गोळ्या दिल्या. सहा महिने. ते खोटं बोलले कोणासाठी? आईला वाईट वाटू नये म्हणून."

तीन वर्षं मला वाटत होतं की मी शपथ मोडतोय. त्या कठड्यापाशी कळलं की मी नेमकं तेच करत होतो, ज्याने तिचे वडील गेले. खूप लाज वाटली. आयुष्यात मोठ्या मोठ्या चुका केल्यात, पण इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"मी परत शपथ घेऊ?" मी विचारलं.

"शपथ नको," ती म्हणाली. "विचारलं की खरं सांगा. तेवढं पुरे."

चौथ्या दिवशी परत खारघर. परत आम्ही तिघं. आईने निघताना रुमाल दिला नाही, सुपारीचं नावही काढलं नाही. बिचारी कोपऱ्यात बसून होती. तिच्या मनाने घेतलं होतं की चौथ्या माणसानेच घात केला.

डॉक्टरीणबाईंनी फाईल उघडली. मी टेबलाच्या कडेवर हात ठेवला. वैशालीने तो हात धरला, आणि चार दिवसांत पहिल्यांदा धरला.

"कॅन्सर नाही," बाई म्हणाल्या. "अजिबात नाही."

वैशालीने माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली.

"मग डाग कसला?" मी विचारलं.

"तो जन्मापासूनचा आहे काका. आईच्या पोटात बाळ घडत असताना कधी कधी पोटाच्या अस्तराचा छोटा तुकडा वरच राहून जातो. तुमच्या घशाखाली तुमच्याच पोटाचा एक तुकडा आहे. तो पोटासारखंच थोडं आम्ल तयार करतो, म्हणून गोळा वाटतो. गोळ्या देते, बरं वाटेल. साध्या उजेडात बऱ्याचदा दिसत नाही. मी मुद्दाम थांबून बघितलं म्हणून सापडला."

माझ्या अंगात एकदम जीव आला. "म्हणजे सुपारीचा आणि याचा काही संबंध नाही?"

"काही नाही."

मी वैशालीकडे वळलो. "ऐकलंस? सुपारीचा संबंध नाही."

तिने हात काढून घेतला.

"काका," डॉक्टरीणबाई थंडपणे म्हणाल्या, "तुम्ही सुपारीचं कबूल केलंत, म्हणून मी तिथे थांबले. नाहीतर भरकन निघून आले असते आणि तुम्ही अजून वर्षभर गोळा घेऊन फिरला असता. सुपारी मात्र बंद. तिचा डाग दिसेल तेव्हा मी 'बहुतेक साधंच आहे' म्हणणार नाही."

मी मान खाली घालून बरं म्हणालो. चोवीस वर्षं लोकांच्या मालातले दोष काढले, आणि स्वतःत जन्मतःच दोष. तोही मानेत.

बाहेर आईला सगळं समजावून सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दिलं होतं, तेही दाखवलं. तिने चित्र लांब धरून बघितलं.

"म्हंजे ह्याच्या गळ्यात बी प्वाट हाय?"

"हो आई."

"तरीच," ती म्हणाली. "ल्हानपनी चार भाकऱ्या खाऊन उठायचा आन् म्हनायचा, आजून भूक हाय. म्या म्हनायची, ह्यो जातोय कुटं सगळा माल. दोन-दोन पोटं व्हती तर."

वैशाली हसली. चार दिवसांनी हसली. मग हसू थांबेना, पदर तोंडाला लावावा लागला. मावशी येऊन बघून गेल्या की काय झालं.

या गोष्टीला आता सात महिने झाले. सुपारी सुटली. या वेळेला खरी. वैशाली अधूनमधून विचारते, मी खरं सांगतो. दोनदा सांगितलं की आज खाल्ली, तर ती 'बरं' म्हणाली आणि उठून गेली. तिसऱ्यांदा सांगायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून खाल्ली नाही. कचरा आता परत मीच नेतो. टाकीमागे पाच मिनिटं उभाही राहतो, नुसता. सवय आहे.

गेल्या महिन्यात खारघरला एका नातेवाइकांच्या वास्तुशांतीला निघालो होतो. मी, वैशाली आणि आई. दारात चपला घातल्या, आणि मला आठवलं. म्हटलं, आई, तिघं आहोत, तुझं ते चौथं माणूस नाही का घ्यायचं? दगड ठेवू का खिशात?

आईने चष्मा नीट केला, माझ्या गळ्याकडे बघितलं आणि कुलूप लावायला वैशालीला खूण केली.

"कशापायी? दोन पोटांचा मानूस हाय की संगट. त्येलाच दोन धरायचं. चला, चौघं हाय आपुन."